माझा खांदा दुखत नव्हता

“तू बाल्कनीतच बस हं. ताट तिकडेच देते,” मेधाताई म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दारात, दोन्ही हात चौकटीला लावून.

त्यांच्यामागे नोरा दिसत होती. बूट काढून, बाह्या सरसावून पोळी लाटत होती. वेडीवाकडी. पुण्याहून आलेल्या मेधाताईंच्या सासूबाई हसून तिचा हात धरत होत्या, शिकवत होत्या. बीफ खाणारी आयरिश बाई ओट्याशी. मी बाहेर.

पाचच मिनिटांपूर्वी सासूबाईंनी मला आडनाव विचारलं होतं. सांगितलं. गाव विचारलं. नागपूर म्हटलं. तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. सुनेला आत बोलावलं. बस्स.

मला कागदी ताटली आली. बाकी सगळ्या क्रिकेट टीमला स्टीलची ताटं. नोरा पिठाचे हात घेऊन बाल्कनीत डोकावली.

“एकटी का बसलीस?”

“आत उकडतंय,” मी म्हणाले.

खोटं बोलले. जर्मनीत रुसेल्सहाइमच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासणारी इंजिनीअर मी, आणि मला एक वाक्य खरं बोलता आलं नाही. लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. फ्रँकफर्टात आमची बायकांची क्रिकेट टीम होती. मेधाताई कॅप्टन. आणि नोरा आयर्लंडकडून सात वर्षं खेळलेली फास्ट बोलर. डब्लिनला ती पोस्टात काम करायची. देशासाठी खेळायचं तर बिनपगारी रजा. पुरुषांचा सराव आटोपला की उरलेल्या उजेडात मैदान.

“सुरुवातीला आम्हाला स्कर्ट घालून खेळवायचे,” ती सांगायची. “डाइव्ह मारली की गुडघे सोलायचे. रक्त पुसायचं आणि रनअपवर जायचं.”

मग तिच्या मणक्याला बारीक तडा गेला. पुढच्या दौऱ्याच्या यादीत नाव नव्हतं. कुणी कळवलंही नाही. पाठ पूर्ण बरी झालीच नाही. ती बँकेतल्या नोकरीसाठी फ्रँकफर्टला आली आणि आमच्यात खेळायला लागली. डॉक्टरनं बजावलं होतं, सामन्यात चार ओव्हर. पाचवी नाही.

तिनं मला घडवलं. नागपुरात इंदोऱ्याच्या मैदानात भावांना टेनिस बॉल टाकणारी मी. तिनं माझं मनगट सरळ केलं, पावलं मोजून दिली. एकदा सरावात माझा चेंडू तिच्या हेल्मेटला घासून गेला. ती खाली बसून हसत सुटली. म्हणाली, “माझ्यानंतर तू.” असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं.

त्या जेवणानंतरच्या रविवारी नेकारसुल्म गावच्या टीमशी सामना होता. पॅड बांधता बांधता मेधाताई हळूच म्हणाल्या, “सासूबाईंचं मनावर घेऊ नकोस गं. जुनी माणसं.”

आठवडाभर मनात साठलेलं मी बोलून टाकलं. “सासूबाई आत होत्या, मेधाताई. दारात तुम्ही उभ्या होतात.”

त्यांचा चेहरा पडला. मग ताठ झाला. “इथे जर्मनीत येऊनही जात काढायचीच का तुम्ही लोकांनी?”

तुम्ही लोकांनी.

नोराच्या चार ओव्हर झाल्या. मी हात फिरवून तयार. मेधाताई तिच्याजवळ गेल्या, काहीतरी बोलल्या. नोरानं माझ्याकडे पाहिलं, होकारार्थी मान डोलावली. पाचवी टाकली. सहावी. मी फाइन लेगला उभी. ओरडायला हवं होतं. वाटलं, चेंडूसाठी भांडते म्हणतील. तिच्या सातव्या ओव्हरचा तिसरा चेंडू टाकून नोरा वाकली, ती सरळ झालीच नाही. मॅटवर गुडघे टेकले.

अँब्युलन्समध्ये मी तिच्याजवळ बसले. ओठ पांढरे पडलेले. तशात तिनं विचारलं, “तुझा खांदा कसा आहे?”

“माझ्या खांद्याला काय झालंय?”

“मेधा म्हणाली, दुखतोय. म्हणून तर मी टाकल्या.”

माझा खांदा दुखत नव्हता.

मग सांगितलं. दार, ताटली, आडनाव, सगळं. जन्मात पहिल्यांदा, परक्या माणसाला. इंग्रजी तुटत होतं, तरी सांगितलं. नोरानं डोळे मिटले. म्हणाली, “तू मला बाल्कनीतच सांगायला हवं होतंस.”

मी वाकून तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

नोरानं पुन्हा कधी चेंडू टाकला नाही. कुबडी घेऊन आयर्लंडला परत गेली. मी क्लबच्या अध्यक्षांकडे गेले. शांत, भला जर्मन माणूस. सगळं ऐकून घेतलं. “आल्झो… तर,” म्हणाला, “हा तुम्हा भारतीयांचा आपसातला प्रश्न आहे.” दारापर्यंत सोडायला आला. टीममध्ये बोललं गेलं, हिनं कॅप्टनचं डोकं फिरवलं म्हणून हे झालं. मेधाताई कॅप्टन राहिल्या.

मी टीम सोडली नाही. मी सोडावी, हेच त्यांना हवं होतं. दर रविवारी एस-बानची लोकल पकडून जायचे, हात फिरवायचे, उभी राहायचे. चेंडू मिळायचा नाही. पण नवी मुलगी आली की सगळ्यांदेखत सांगायचे. मी बौद्ध. इथे मला बोलिंग का देत नाहीत, आणि नोराची पाठ कशानं गेली.

“आता पुरे कर,” एकदा मेधाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणाले. आणि समोरच्या मुलीला पहिल्यापासून सांगायला लागले.