नळाच्या दिवशीची गोळी

डॉक्टरांनी बजावलं होतं, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, वार ठरवून. रोज घेतली तर जिवावर बेतेल. माझंच शरीर माझ्या सांध्यांवर उलटलं होतं, आणि गोळी त्याची ताकद दाबून ठेवणार होती. घरी आल्याबरोबर सासूबाईंनी दिवस ठरवून टाकला. गारखेड्यात तेव्हा आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ यायचा. केस धुणं, चादरी, पाहुण्यांना बोलावणं, सगळं नळाच्या दिवशी. मग गोळीही त्याच दिवशी. ड्रम भरून झाले की त्या गोळी माझ्या हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

दोन-तीन महिन्यांत बोटं मोकळी झाली. मी ब्लाउज शिवायची. आजूबाजूची शेतं जाऊन नुसत्या बिल्डिंगी उठत होत्या, नव्या फ्लॅटमधल्या बायका माझं घर शोधत यायच्या. काज मी कधी मशीनवर केलं नाही, हातानंच. त्याचा मला लई माज होता, आणि का नसावा?

पुढं पाऊसच झाला नाही. नळ आठवड्याचा दहा दिवसांवर गेला, मग पंधरा, मग कधी येईल ते पाणी सोडणाऱ्यालाही सांगता येईना. गल्लीत टँकर यायला लागले. टँकर आला की बादल्यांवरून भांडणं. त्या धांदलीत गोळीचं नाव कोण काढणार? टँकर म्हणजे काही नळ नव्हे. आणि खरं सांगू, मला बरंच वाटत होतं. गोळीनंतर जी मळमळ व्हायची ती थांबली. म्हटलं, चला, पीडा टळली.

कसली टळते! एका सकाळी मूठच मिटेना. मग चहाचा कप धरवेना, वेणी घालवेना. परकराची नाडी बांधायला सासूबाईंना हाक मारावी लागली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापून ठेवलेले ब्लाउज तसेच पडून राहिले. मी देवाला शिव्या दिल्या, नवऱ्यावर खेकसले, मशीनवर चादर टाकली. मशीन नजरेस पडली की जीव नकोसा व्हायचा.

शेवटी आम्ही दोघी डॉक्टरांकडं गेलो. एक्स-रे बघून त्यांनी विचारलं, गोळी कोणत्या वारी घेता?

"नळ येतो त्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या. न चुकता, हेही सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि नळ शेवटचा कधी आला?"

सासूबाई बोटांवर महिने मोजायला लागल्या.

गोळी पुन्हा सुरू झाली. लागू पडायला वेळ लागेल म्हणाले. मी हात पुढं करून विचारलं, बोटं सरळ होतील का? सूज उतरेल, पण वाकलेली बोटं आता अशीच राहतील, असं त्यांनी सांगितलं. सुई धरता येईल का, हे विचारायची माझी हिंमतच झाली नाही.

रिक्षात सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं गं पोरी."

अशा वेळी सुनेनं नाही म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघेना.

"व्हय आई, तुमच्यामुळंच झालं."

त्यांनी नुसती मान हलवली.  घरापुढं रिक्षा थांबली, तर मला दांडा धरून उतरता येईना. त्या आधी उतरल्या, वळल्या आणि माझ्यापुढं खांदा केला. मी सगळा भार त्यांच्यावर टाकून खाली उतरले.