पालथा काठ

शहापुरातल्या एका मागघरात बसून मी आणि माझ्या मैत्रिणीनं साडीच्या काठाची नक्षी संगणकावर आखायचं सॉफ्टवेअर सुरू केलं. ओपन सोर्स, कुणीही फुकट घ्यावं, कुणीही सुधारावं. मागघर तिच्या आप्पांचं. कामं वाटणं, मागे लागून ती पुरी करून घेणं माझ्याकडे. नव्या माणसाचं स्वागत मात्र तिनं करायचं. आधी तुमच्या घरातला एखादा जुना काठ आखून पाठवा, मग बाकीचं बोलू, ही तिची रीत.

पुढे आप्पा गेले, माग विकले, ती बेंगळुरूला गेली. भांडण झालं नाही. फोन सणापुरते उरले, मग तेही थांबले.

आमच्याकडे कुठलाही बदल घ्यायचा तर दोघींची मान्यता लागते. तिची येत नाही. थोडे दिवस वाट बघून मी एकटीच पुढे जाते. तिचं नाव काढलं तर खोळंबा वाचेल, हे मला कळतं. पण प्रत्येक बदलाची सूचना तिला आपोआप जाते आणि माझ्याकडून तिला जाणारं आता तेवढंच उरलंय.

यंदा निपाणीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आल्या. मी रीतीप्रमाणे काठ मागितला. आला तो आरशात बघितल्यासारखा, कोयऱ्यांची तोंडं भलतीकडे. फिरवून पाठवा, असं मी कळवलं. त्यांनी विचारलं, तुमच्या नावाशेजारी ज्या आक्कांचं नाव आहे, त्यांना एकदा दाखवू का? त्या हल्ली बघत नाहीत, असं लिहिलं होतं मी. पाठवायच्या आधी पुसलं आणि दाखवा म्हटलं.

बाईंनी काठाखाली तिला लिहिलं, "आक्का, शहापूरला मामांच्या मागाजवळ बसून बघितलेला काठ हाय. आठवंल तसा काढलाय. चुकलाय काय?"

मला उत्तराची आशा नव्हती. तरी ऑफिसात दर थोड्या वेळानं उघडून बघत होते. दुपारच्या चहाला ते आलं.

"न्हाय गं, चुकला न्हाय. मागावर साडी पालथी असती. विणणाऱ्याला काठ असाच दिसतोय. माझा पयला काठबी असाच आलता."

खरंच आला होता. आप्पांनी मान वाकडी करून संगणकाच्या पडद्याकडे बघितलं होतं आणि आम्ही तिघंही हसलो होतो. ते हसणं मी विसरूनच गेले होते.

उत्तराखाली तिची मान्यता होती. माझ्यासाठी एक शब्द नव्हता. मी वर-खाली सरकवून पुन्हा बघितलं, नव्हताच.

काठ फिरवू नका, असं मी बाईंना कळवलं. मग तिच्या मान्यतेखाली माझी दिली. पुढची कामं तशीच पडली होती, पण त्या दिवशी मी ते पान बंद केलं नाही. किती दिवसांनी आमची नावं एकाखाली एक आली होती.