बोल, काय पाठवलंस?

मुकादमसाहेबांची आणि माझी पहिली भेट माझ्या पासवर्डवरून झाली. रियाधमध्ये नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी तो चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवला होता. साहेबांनी चिठ्ठी काढली, घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "घराची चावी दाराला अडकवून झोपतोस का रे?"

आमचे केंद्र शहराला पाणी पुरवत असे. रत्नागिरीकडचे साहेब तिथल्या संगणक सुरक्षेचे प्रमुख होते. ते म्हणत, "देशाला बुडवायला कुंपण तोडावं लागत नाही. घाबरलेला माणूस आतून कडी काढतो."

ती कडी मी काढली. सौदीकरणाच्या, म्हणजे परदेशी माणसांना काढून सौदी माणसे नेमण्याच्या, याद्या निघत होत्या. अनुभवाचा दाखला नोकरी सोडतानाच मिळे. म्हणून आम्ही भारतीय लोक आपल्या कामाचे फोटो पुरावा म्हणून जवळ ठेवत असू. परदेशी नोकरी देणाऱ्या एका बाईंनी आठवडाभर ऑनलाइन माझी विचारपूस केली, मग कामाचा नमुना मागितला. मी नियंत्रण कक्षातल्या संगणक-जोडण्यांचा आराखडा पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचे खातेच नाहीसे झाले.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग विचारले, "कधी? काय काय?" तासाभरात त्यांनी बाहेरच्या सगळ्या जोडण्या तोडल्या आणि मला व्यवस्थापकांपुढे नेले.

"खलास. याला विमानात बसवा," व्यवस्थापक म्हणाले.

"बसवा. उद्यापासून चूक सांगायला कोणी येणार नाही. नळ कोरडे पडल्यावरच कळेल. आणि याच्यासोबत माझंही तिकीट काढा."

साहेबांचे नाव यादीत आधीच होते, हे मला नंतर कळले.

तीन दिवसांनी आराखड्यातल्या वाटेने कोणीतरी आत शिरू पाहिले. वाट बंद होती. मी राहिलो. साहेबांना मात्र वर्षाअखेर जावे लागले. त्यांची जागा घेणाऱ्या फहदला त्यांनी हातचे काही न राखता शिकवले. मी वैतागून म्हणालो, "साहेब, सगळंच कशाला सांगता?"

"पाणी त्याच्या आईच्या नळाला येतं, इथेच शाळेत जाणाऱ्या तुझ्या मुलीच्याही."

आज फहद प्रमुख आहे. चूक सांगायला आलेल्याला तो आधी खुर्ची देतो.

साहेबांचा नियम साधा होता: काही पाठवण्याआधी मला फोन करा, पाठवून बसलात तर लगेच करा. आज साठाव्या वर्षी ते गावी असतात. फोन मात्र तोच आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आम्ही अजून घाबरतो. पुढची कित्येक वर्षे पलीकडून तोच आवाज येवो, "बोल, काय पाठवलंस?"