डावं मराठीत, उजवं उर्दूत

“ज्याला सायकल येत न्हाय, त्याचे आधी दोन्ही पाय जमिनीला लागू द्या, पायडल कुटं पळून जात न्हाय,” असं मकदूमचाचा एकदा एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते.

भवानी पेठेतल्या आमच्या सायकलच्या दुकानात ते एकतीस वर्षं मिस्त्री होते. दुकान आधी माझ्या वडिलांचं, मग माझं. गिऱ्हाईक मात्र कायम चाचांचं. लोक काउंटरवर मला विचारायचे, “मिस्त्री हायत का?” नाही म्हटलं की उंबऱ्यावरूनच परत फिरायचे.

सायकल न येणारं माणूस सायकल घ्यायला आलं, की चाचांची एक रीत ठरलेली होती. सीट खाली करायची, दोन्ही पायडल काढायची आणि तशीच सायकल द्यायची. आठ दिवस गल्लीत पायांनी ढकलत बसायचं, म्हणजे तोल आपोआप येतो. काढलेली पायडल ते कागदात गुंडाळून द्यायचे. डावं मराठी पेपरात, उजवं उर्दू पेपरात. “मराठी डावीकडनं सुरू होतं, उर्दू उजवीकडनं. चुकायचं कामच न्हाय,” असं सांगताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे.

मलाही त्यांनीच शिकवलं. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. पायडल बसवताना त्यांनी माझा हात पान्यावर धरला होता. “देवा, डाव्याचे आटे उलटे असतात. उलटं फिरवलं तरच बसतं. ध्यानात ठेव.” पुढे मी बी.कॉम. झालो. माझे हात काउंटरच्या काचेवर राहिले. ध्यानात काय काय राहिलं नाही, ते मला कळलंही नाही.

गेल्या मार्चमध्ये रुपाली आली. वय पस्तिशीचं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती आणि कारखाना अक्कलकोट रोडला एमआयडीसीत हलला होता. पुढच्या सोमवारपासून तिथं हजर व्हायचं होतं. नऊला गेट बंद. सोबत सासू, केराबाई. रुपालीनं गिअरवाल्या जांभळ्या सायकलकडं बोट दाखवलं.

“गिअर कशाला? अकलूजला जायचंय व्हय?” चाचा म्हणाले आणि आतून बुटकी काळी लेडीज सायकल घेऊन आले. रुपालीला वर बसवलं, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या का ते वाकून बघितलं, मग पायडल काढली.

केराबाई बघत राहिली. “पैसं अख्ख्या सायकलचं आन् सायकल अर्धीच?”

“अर्धी तुमच्या सुनंला शिकवंल, मावशी. उरलेली मी पुढच्या बुधवारी लावतो.”

“गल्ली हसंल की ओ आमाला.”

“हसू द्या. हसणारे उचलायला येत न्हाईत.”

तो मंगळवार होता. शुक्रवारी दुपारी रुपाली सायकल ढकलत दुकानात आली. चेहरा उन्हानं लाल झाला होता, पण खुशीत होती. तोल आलाय म्हणाली. बुधवारपर्यंत थांबले तर काम जाईल. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. दोन्ही पुडकी काउंटरवर ठेवून ती म्हणाली, “मी बाजार करून येते. शेठ, मिस्त्रींनाच लावायला सांगा हं.”

मिस्त्रींनाच. पेठेतला प्रत्येक माणूस गेली कित्येक वर्षं मला हेच सांगत आला होता. त्या दिवशी तो शब्द काउंटरच्या काचेवर ओरखड्यासारखा उमटला. अर्ध्या तासाचाच प्रश्न होता. चाचा येणारच होते. मी दोन्ही पुडकी एकदमच फाडली, कुठलं पायडल कुठल्या कागदातलं ते न बघता, आणि पान्यांतला मोठा पाना घेतला.

पहिलं पायडल अडलं. मी जोर लावला. दुसरंही अडलं. नवं आहे, घट्ट आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि पान्यावर अंगाचा भार टाकला. काहीतरी करकरलं, दोन आटे आत गेले. हातानं फिरवून बघितलं, पायडल फिरत होतं. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खूप बरं वाटलं.

पावणेदोनला रुपाली आली. “मिस्त्रींनीच लावलं ना?”

“व्हय की,” मी म्हणालो. “लावलं आन् लगेच गेले.”

चाचा आले तेव्हा उर्दू पेपरचा तुकडा जमिनीवर पडलेला होता. उर्दू कागद ते पायाखाली पडू देत नसत. त्यांनी तो उचलला, मांडीवर ठेवून सरळ केला.

“कुणाची पायडल लावली, देवा?”

“कुणाची न्हाय, चाचा. वाऱ्यानं आला असंल कागद.”

वारा नव्हता. पंख्याचं पातंही हलत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कागदाची घडी केली आणि त्यांच्या स्टुलाच्या वरच्या फळीच्या फटीत खोचून ठेवली. मी तेव्हा खरं सांगितलं असतं, तर ते त्याच पावली पाना घेऊन रुपालीच्या घरी गेले असते. शनिवार होता, रविवार होता. दोन्ही दिवस मी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, आणि बोललो नाही.

बुधवारी रुपाली आली ती उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन. सायकल केराबाई ओढत होती. सोमवारी सकाळी अक्कलकोट रोडच्या वळणावर डाव्या बाजूचं पायडल निखळलं होतं. मनगट मोडलं. दीड महिना मशीनवर बसायचं नाही, आणि तिच्या जागी कारखान्यानं मंगळवारीच दुसरी बाई घेतली होती.

“मिस्त्री,” केराबाई ओरडली, “एवढं नाव सांगत्यात तुमचं! बघा ह्या हाताकडं. शिवणारा हात हाय ओ हा!”

चाचा खाली बसले. पायडल बसतं त्या क्रँकच्या भोकात करंगळी फिरवली. मग उजव्या बाजूला गेले, तिथं अजून अडकलेलं डावं पायडल बघितलं. त्यांच्या करंगळीवर लोखंडाचा चुरा चमकत होता.

“तुमीच लावलंत ना?” केराबाईनं विचारलं.

रुपाली हळूच म्हणाली, “मी विचारलं होतं, अत्ती. शेठ म्हणाले, मिस्त्रींनीच लावलंय.”

चाचांनी वर बघितलं. केराबाईकडं नाही, माझ्याकडं. त्या नजरेत राग नव्हता. सहा वर्षांच्या मुलाचा हात पान्यावर धरून, आता तू फिरव म्हणताना ते बघायचे, तसं बघत होते. ते थांबले होते. मला वेळ देत होते.

मी म्हणालो, “आपली चूक झाली, ताई. नवा क्रँक फुकट बसवून देऊ. काय चाचा?”

आपली. तेवढ्या एका शब्दाआड मी लपलो.

चाचा उठले. रॉकेलच्या डब्यात हात धुतले, फडक्यानं एकेक बोट पुसलं. फळीतली घडी काढली, काउंटरवर माझ्यासमोर उलगडून ठेवली, आणि उर्दू अक्षरांवर त्यांचा पाना ठेवला. केराबाई अजून उत्तराची वाट बघत होती. त्यांनी चपला घातल्या, रुपालीच्या प्लास्टरकडं एकदा बघितलं, आणि पायऱ्या उतरून गेले.