नीव्हेसच्या स्फटिकांना थंडी वाजली

हॅमिल्टनच्या विद्यापीठात स्फटिक वाढवायची भट्टी एकतीस वर्षं नीव्हेस पेट्रिचच्या ताब्यात होती. भट्टीत लोंबणाऱ्या वितळलेल्या थेंबाशी ती क्रोएशियन भाषेत लाडानं बोलायची. थेंब गळून पडला की त्याच भाषेत शिव्याही घालायची.

तिच्या स्फटिकांत चुंबकी अणू त्रिकोणांत बसलेले असत. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असे. दोघांचं जमायचं, तिसऱ्यानं काय करावं?

"आम्ही तिघी बहिणी अश्शाच," नीव्हेस म्हणायची. "मिर्याना हो म्हणाली की स्लावित्सा नाही म्हणणार. मग मी बोलू तरी काय?"

त्यामुळे कितीही थंड केलं तरी या अणूंची चुळबूळ थांबत नसे. एका मार्चमध्ये मात्र ती थांबली. प्रोफेसर डेस्मंड आलेख नाचवत तळघरात आले.

"नीव्हेस, गोठले! अगदी शुद्ध स्फटिक, तरी गोठले! उद्याच लेख पाठवतो."

'शुद्ध' ऐकताच नीव्हेसनं पूड कुटायचा खल उचलून उजेडात धरला. हा स्फटिक वाढवला त्याच आठवड्यात तिनं दुसऱ्या कामासाठी त्यात गॅलियम धातूच्या ऑक्साइडची पूड खलली होती. या स्फटिकाची पूड खलण्याआधी तो धुतला की नुसता पुसला, ते काही आठवेना. गॅलियम चुंबकी नाही. त्रिकोणाचा एखादा कोपरा त्यानं बळकावला की बाकीच्यांच्या भांडणाचा रंगच पालटतो.

"डेस्मंड, थांब. माझा खल खरकटा असेल."

"छे! तुझा हात कधी चुकलाय?"

"म्हणजे आता पाळी आलीच की!"

डेस्मंड दोन दिवस फुगून बसले. तिनं नवा खल काढला, भट्टीपाशी उभ्यानंच चीज भरलेला खुसखुशीत बुरेक खात नवा स्फटिक वाढवला. तो थंड केला, तर अणूंचं गोठायचं नाव नाही.

"माझा शोध खाल्लास तू," डेस्मंड कण्हले.

"अजून पचला नाहीये. आता मुद्दाम घालू गॅलियम, पण मोजून."

उन्हाळाभर तिनं पाच स्फटिक वाढवले, प्रत्येकात गॅलियम थोडं जास्त. ते जितकं वाढे, तितके अणू लवकर गोठत. लेख तयार झाला. डेस्मंडनी पहिलं पान तिच्यापुढे सरकवलं. त्यांच्या नावाच्या आधी तिचं नाव होतं. आजवर ती कायम शेवटच्या ओळीतल्या आभारांत असायची.

"स्पेलिंग बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

नीव्हेसनं ते तीनदा वाचलं.

"पेट्रिचच्या शेवटच्या 'c'वरची तिरकी रेघ राहिलीय," ती म्हणाली, आणि त्यांच्याच खिशातलं पेन काढून तिनं ती ठसठशीत ओढली.