उन्हातली दोरी

श्रावण वद्य सप्तमी, कापड कंट्रोलवर, मोजूनमापून मिळायचं ते साल. परतूरच्या घरात आई, थोरली बहीण आणि नऊ वर्षांची मी. बहिणीला पाळी आली होती आणि आई-लेकींत मिळून घडी घ्यायचा फडका एकच. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली लपवून वाळवल्यानं तो ओला, कुबट राहायचा. ऊन पडलं, म्हणून मी तो अंगणातल्या दोरीवर टाकला. आईनं झडप घालून तो ओढून काढला. "भवाने, गडीमाणसं बघतील की!" बहीण म्हणाली, "उन्हात जल्दी वाळंल, आई." "वाळंल बराबर, अन् अब्रू?" बहिणीनं तो ओलाच घेतला. आठवड्यात तिला ताप भरला. दुखणं कुठलं, हे हकिमाला कुणीच सांगितलं नाही. ती गेली. आज, तीस वर्षांनी, माझ्या मुलींचे फडके तसेच पऱ्हाट्यांखाली कुबट वास मारतात. रोजच्या कामांच्या यादीत मी लिहिते, 'उन्हात दोरी बांधणे'. अजून बांधलेली नाही.