वाकडे टाके

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "डावा हात बांधून ठेवा. उजव्यावर काम पडलं, की मेंदू नवी वाट काढतो."

बायकोने डावा हात आत ठेवून सदऱ्याची बाहीच टोकाशी शिवून टाकली. टाके बघून मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, ही काय शिवण झाली?"

"मग उसवा की!"

लुळी बोटं थरथरत दोऱ्याला भिडली. रोज नवे वाकडे टाके, रोज तणतण. चार महिन्यांनी त्याच बोटांनी सुई धरली.

आता मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला बायकोकडे बोट करून सांगतात, "हिच्याइतका सरळ टाका मला जन्मात जमला नाही."